इंग्रजी शिकवायला बसताय? पुस्तकं घेण्याआधी एवढं करा

अमळनेरला मी इंग्रजीचा क्लास काढला तेव्हा सगळ्यात आधी जळगाव गाठलं आणि पुस्तकं आणली. फळा नंतर आला, बाकं नंतर आली, विद्यार्थी तर त्याच्याही नंतर. एका परदेशी प्रकाशनाचा संच होता, जाड गुळगुळीत कागदाचा, पानोपानी रंगीत फोटो. पंचवीस प्रती एकदम घेतल्या तर सवलत होती, म्हणून पंचवीस घेतल्या. तिसऱ्या आठवड्यापासून निम्म्या पोरांनी पुस्तक आणणं सोडलं. विचारलं की मान खाली घालून एकच उत्तर, "घरी राहिलं मॅडम."

एका धड्यात एक कुटुंब इंग्लंडमध्ये भाड्यानं घर शोधत होतं. धरणगाव तालुक्यातली एक मुलगी, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची, अभ्यासाला चांगली. तिचं पुस्तक मी उघडून पाहिलं. 'टेरेस्ड हाउस'पुढे तिनं पेन्सिलीनं लिहिलं होतं 'गच्चीचं घर' आणि 'सेमी-डिटॅच्ड'पुढे 'अर्धं तुटलेलं'. एकाला एक चिकटून ओळीनं बांधलेली घरं आणि एक भिंत सामाईक असलेलं जोडघर, असे ते अर्थ. तिनं शब्दकोश काढून, डोकं लावून अर्थ काढले होते आणि तरी अख्खा परिच्छेद तिच्या हातून निसटला होता. यात तिची काही चूक नव्हती. पुस्तक मी निवडलं होतं.

आता दरवर्षी चोपडा, पारोळा, शिरपूरकडून कोणी ना कोणी फोन करतं, "ताई, क्लास सुरू करतोय, कोणतं पुस्तक घेऊ?" फोनवर एक नाव सांगून मोकळं होता येत नाही. म्हणून जे पंचवीस प्रतींच्या पैशात शिकले ते इथे क्रमानं लिहिते आहे. नुकतंच डी.एड. किंवा बी.एड. झालेल्यांना, आश्रमशाळेत लागलेल्यांना, घरच्या ओट्यावर शेजारची चार पोरं घेऊन बसणाऱ्यांना, सगळ्यांनाच ते लागू पडेल.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. भाषाशिक्षणात 'दुसरी भाषा' आणि 'परकी भाषा' असा फरक करतात. वर्गाबाहेरही जी कानावर पडत राहते ती दुसरी, जी फक्त वर्गातच भेटते ती परकी. पुण्यातल्या कंपनीत काम करणाऱ्याला इंग्रजी दुसरी भाषा असेल. आपल्याकडे पोरगा क्लासमधून निघाला की दुसऱ्या दिवशी परत येईपर्यंत त्याच्या कानावर इंग्रजीचं एकही पूर्ण वाक्य पडत नाही. मोटर, लाइट, ट्रॅक्टर, फॉर्म असे शब्द भरपूर, वाक्य मात्र नाही. 'बाहेर सराव होईलच' असं धरून लिहिलेलं पुस्तक इथे अपुरं पडतं. खान्देशात इंग्रजी ही परकी भाषा आहे असं समजूनच साहित्य निवडा.

सोबत काय लागेल

प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक कोरा फुलस्केप कागद, आवाज रेकॉर्ड होणारा मोबाइल, लहान ब्लूटूथ स्पीकर, पेन्सिल, आणि विचारात असलेल्या प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत. बालभारतीची पाचवी ते आठवीची इंग्रजीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, तीही मोबाइलमध्ये घेऊन ठेवा. एक जाड वही फक्त साहित्याच्या नोंदींसाठी बाजूला काढा.

१. पुस्तक मिटून ठेवा, आधी माणूस विचारा

पहिल्या दिवशी प्रत्येकाशी दहा मिनिटं मराठीत किंवा अहिराणीत बोला आणि त्याच्या नावाच्या कागदावर लिहून घ्या: इंग्रजी कुठे अडतं, कोणाशी बोलायचं आहे, बोलायचं आहे की वाचायचं की लिहायचं, किती महिने येणार, शाळा कोणत्या माध्यमाची. 'इंग्लिश सुधारायचंय' हे उत्तर पुरेसं समजू नका. "शेवटचं कधी अडलं होतं? काय झालं होतं तेव्हा?" असं विचारलं की खरी गोष्ट बाहेर येते.

माझ्याकडे यावलकडचा एक जण यायचा. केळी आखातात पाठवणाऱ्या पॅकहाउसवर सुपरवायझर. त्याला इंग्रजी लागायचं ते कंटेनरच्या कागदांपुरतं आणि मुंबईहून येणाऱ्या फोनपुरतं. त्या धंद्यात घडाला 'बंच', फणीला 'हँड' आणि एकेका केळ्याला 'फिंगर' म्हणतात. बाजारातल्या कुठल्याही पुस्तकात 'हँड' म्हणजे हात आणि 'फिंगर' म्हणजे बोट. त्यानं ते पुस्तक पाठ केलं असतं तरी फोनवर तो अडलाच असता.

त्याच बॅचला भुसावळचा एक मुलगा रेल्वेभरतीची तयारी करणारा. त्याला बोलायचं काहीच नव्हतं, उतारे वाचून पर्याय निवडायचे होते. आणि एक आई होती. मुलगा इंग्रजी माध्यमात, शाळेच्या डायरीत बाई काय लिहितात ते तिला वाचता येत नव्हतं. या तिघांना एकच पुस्तक दिलं तर ते तिघांपैकी कोणाचंच नसतं. सगळ्यांची वेगळी बॅच करणं परवडत नाही हे मलाही माहीत आहे. पण समान गाभा कोणता आणि प्रत्येकाला वरून काय द्यायचं, एवढं तरी कागदावर ठरवा.

वयाकडेही बघा. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. त्याआधी शाळेत गेलेल्यांची इंग्रजीची सुरुवात पाचवीत झालेली असते. आज चाळिशीत असलेल्या बाईकडून 'एवढं तर येतच असेल' असं गृहीत धरू नका.

२. पातळी इयत्तेवरून ठरवू नका

'बारावी झालाय' म्हणजे बारावीचं इंग्रजी येतं असं नव्हे. पातळी मोजायला युरोप परिषदेची २००१ ची चौकट वापरा. ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू अशा तिच्या सहा पायऱ्या आहेत आणि परदेशी पुस्तकांच्या मागच्या पानावर त्या छापलेल्या असतात. समोरचा सावकाश बोलला तर स्वतःचं नाव-गाव-काम सांगता येतं, साधे प्रश्न कळतात, ही ए-वन. बाजार, प्रवास, रोजची कामं यापुरतं बोलणं जमतं, ही ए-टू. घडलेला प्रसंग सलग सांगता येतो, मत मांडून कारण देता येतं, ही बी-वन. आपल्या क्लासचा बहुतेक कारभार या तिघांतच चालतो.

तपासायची माझी पद्धत साधी आहे. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. सकाळी काय खाल्लं? शेवटचा एसटीचा प्रवास कसा झाला? गावात एक गोष्ट बदलायची तर कोणती, आणि का? पहिल्यालाच एका शब्दात उत्तर आलं तर ए-वन. दुसऱ्यात भूतकाळाची वाक्यं मोडकीतोडकी का होईना पण जोडली गेली तर ए-टू. तिसऱ्यात 'बिकॉज' म्हणून पुढे दोन वाक्यं आली तर बी-वनच्या दाराशी. रेकॉर्डिंग जपून ठेवा, तीन महिन्यांनी त्यालाच ऐकवायला कामी येतं.

इथला सापळा असा: विद्यार्थी स्वतःची पातळी व्याकरणावरून सांगतात. "टेन्स सगळे येतात मॅडम." बारा काळांचा तक्ता खरोखर तोंडपाठ असतो आणि काल काय केलं ते मात्र सांगता येत नाही. तक्ता ऐकून बी-वनचं पुस्तक घेऊ नका. शंका आली तर एक पायरी खालचं घ्या. खालचं पुस्तक लवकर संपलं तर पोरं खूश होतात, वरचं डोक्यावरून गेलं तर यायची बंद होतात.

३. तास मोजा

केंब्रिजच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा अंदाज असा की सुरुवातीपासून ए-टूपर्यंत पोचायला शिक्षकासोबतचे साधारण १८० ते २०० तास लागतात, बी-वनपर्यंत ३५० ते ४००. आता आपला हिशेब मांडा. तीन महिन्यांचा कोर्स, रोज एक तास, रविवार सुट्टी. होतात ७५ तास, सणवार धरले तर त्याहूनही कमी. म्हणजे ए-टूच्या वाटेवर निम्मंही अंतर नाही. 'तीन महिन्यांत फाडफाड इंग्रजी' असा बोर्ड लावू नका, आणि तसा बोर्ड खरा करायला जाड पुस्तकही घेऊ नका.

परदेशी संचातलं एका पातळीचं पुस्तक बहुधा ९० ते १२० तासांच्या बेतानं लिहिलेलं असतं. ते ७५ तासांत संपवायला गेलात तर तुम्ही पळाल आणि वर्ग मागे राहील. बारा धड्यांतले सहा-सात आधीच निवडा आणि विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी तसं सांगा. पालक विचारतात, "पुस्तक अर्धंच का झालं?" आधी सांगितलेलं असलं की तो प्रश्न येत नाही.

४. बाजारात काय मिळतं आणि ते कशासाठी

पहिला प्रकार, स्टेशनबाहेर आणि बसस्टँडवर मिळणारी 'इतक्या दिवसांत इंग्रजी' छापाची पुस्तकं. डावीकडे मराठी वाक्य, मध्ये इंग्रजी, उजवीकडे देवनागरीत उच्चार. त्यांना सरसकट नावं ठेवू नका. अगदी नवख्या माणसाची भीती त्यांनी मोडते. पण त्यांच्यावर कोर्स उभा राहत नाही, कारण वाक्यांना आगापिछा नसतो. शिवाय देवनागरीत अक्षर दिसतं, आघात दिसत नाही. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या 'फो'वर, 'फोटोग्राफर'मध्ये तो सरकून 'टो'वर जातो. लिहिताना दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून पोरं दोन्ही सारखेच म्हणतात.

दुसरा प्रकार, व्याकरणाची सरावपुस्तकं. डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर रिकाम्या जागा. घरच्या अभ्यासाला आणि तुमच्या स्वतःच्या तयारीला उत्तम, रेल्वेभरतीवाल्याला तर हवीच. वर्गात मात्र ती मुख्य पुस्तक म्हणून वापरू नका, तास शांततेत जातो आणि तोंड कोणी उघडत नाही.

तिसरा, परदेशी संच. त्यांची बांधणी खरोखर चांगली असते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं एकात एक गुंफलेलं, शिक्षकासाठी वेगळं पुस्तक, सोबत ध्वनिफिती. नव्या शिक्षकानं ते शिक्षकाचं पुस्तक एकदा तरी वाचावंच, तास कसा बांधायचा ते त्यातून कळतं. अडचण विषयांची. एकच पुस्तक जगभर विकायचं असतं, म्हणून प्रकाशक राजकारण, धर्म, दारू असे कोणालाही खटकतील ते विषय बाहेर ठेवतात. मग उरतं काय, तर विमानतळ, हॉटेल, सुट्टी, खरेदी. बोदवडच्या पोराला विमानतळावरचं चेक-इन शिकवायला हरकत नाही, पण पहिल्या महिन्यात नको. दुसरी अडचण कोडची. आतल्या पानावर खरवडायचा कोड असतो, ऑनलाइन सराव त्याच्यावर चालतो आणि बहुधा तो एकदाच वापरता येतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून स्वस्त प्रत घेताना तो खरवडलेला नाही ना ते बघा. छपाईही बघा. नकली प्रतीत चित्रं काळवंडलेली असतात, आणि 'चित्र पाहून सांगा' हा प्रश्न तिथेच मरतो.

चौथा, बालभारती. आपण शाळेत वापरलं म्हणून त्याला कमी लेखतो. ही पुस्तकं महाराष्ट्रातल्या मुलांसाठी लिहिलेली आहेत. माणसांची नावं, सण, शेती, पाऊस ओळखीचे असतात, आणि क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवरचं साहित्य उघडतं. मोठ्या माणसांना शिकवताना मात्र एक गोष्ट सांभाळा. सव्वीस वर्षांचा एक जण माझ्याकडून सहावीचं पुस्तक घेऊन गेला, गाडीच्या डिकीत खाली ठेवलं, वरून रुमाल टाकला आणि मग डिकी लावली. मी खिडकीतून पाहत होते. त्या दिवसापासून मोठ्यांना मी शालेय पुस्तक कधीच हातात देत नाही. त्यातले संवाद आणि कृती निवडते, नावं-वयं बदलते, आणि सुट्या कागदावर देते.

पाचवा, फुकटचा खजिना. ब्रिटिश कौन्सिल आणि बीबीसीची शिकणाऱ्यांसाठीची पानं पातळीनुसार लावलेली आहेत. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हरवर हजारो चित्रकथा आहेत, एक ते चार स्तरांत, बऱ्याच मराठीतही. छापायला, वाटायला, बदलायलाही परवानगी आहे, मूळ लेखक-चित्रकारांची नावं ठेवायची एवढंच. लहान मुलांना शिकवणार असाल तर मी इथूनच सुरुवात करायला सांगेन.

५. शंभर शब्दांची चाचणी

हा टप्पा गाळू नका. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

पुस्तकाच्या मध्यावरचं एक पान उघडा. पहिलं नको, पहिलं पान सगळ्यांचंच सोपं असतं. सलग शंभर शब्द मोजून पेन्सिलीनं चौकट करा आणि त्या पातळीच्या तीन विद्यार्थ्यांना माहीत नसलेल्या शब्दाखाली रेघ मारायला सांगा. वाचनावरच्या अभ्यासांतून असं दिसलं आहे की कोणाच्या मदतीशिवाय समजून वाचायचं तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात. दोन रेघा आल्या तर पुस्तक घरी वाचायला द्या. पाचपर्यंत असतील तर वर्गात तुमच्या सोबतीनं चालेल. दहाच्या पुढे गेल्या तर ते पुस्तक कितीही नावाजलेलं असो, दुकानात परत. माझ्या त्या पंचवीस प्रतींवर ही चाचणी मी फार उशिरा लावली. धरणगावच्या मुलीच्या सतरा रेघा आल्या.

ही अडचण नवी नाही. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणाधिकारी १९२० च्या दशकात ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगाली मुलं इंग्रजी पुस्तकांत अडतात ती अवघड आणि क्वचित लागणाऱ्या शब्दांपायी, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी वाचनाची पुस्तकं मोजक्या शब्दांत पुन्हा लिहायला घेतली. पुढे १९५३ मध्ये त्यांची सुमारे २००० नेहमीच्या शब्दांची यादी छापून आली. साध्या इंग्रजी मजकुराचा साधारण ८० टक्के भाग तेवढ्या शब्दांत येतो. २०१३ मध्ये तिची नवी आवृत्ती झाली, तीत सुमारे २८०० शब्द आहेत, आणि ती इंटरनेटवर फुकट आहे. एक प्रत छापून भिंतीला लावा. पुस्तकात नवा शब्द आला की यादीत आहे का बघा. आहे तर शिकवा, नाही तर अर्थ सांगून पुढे जा. आता मोबाइलवरची ॲप मागाल तो उतारा तयार करून देतात. तोही शंभर शब्दांच्या चाचणीतून गेल्याशिवाय वर्गात नेऊ नका.

६. घरात कोणती भाषा बोलतात ते विचारा

पुस्तकात मराठी अर्थ दिले म्हणजे ते आपल्या पोरांना सोपं झालं, असं समजण्यात खान्देशात मोठी चूक होते. अमळनेर, धुळे, साक्रीकडे घरात अहिराणी. यावल, रावेर, भुसावळकडे लेवा गणबोली. नंदुरबारच्या सातपुड्यात भिली, पावरी, नवापूरकडे मावची. पुस्तकातली प्रमाण मराठी यातल्या कित्येकांना शाळेत शिकावी लागलेली असते.

एक उदाहरण जवळून बघा. 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग' यातला फरक. मराठी अर्थाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, 'मी जातो' आणि 'मी जात आहे'. पण मराठीत घरातून निघताना आपण 'बरं, मी जातो' असंच म्हणतो. त्यामुळे फरक पोरांना पटत नाही. मी वर्षभर हेच घोटत होते. एक दिवस एका पोरानं शेजाऱ्याला हळूच समजावलं, "अरे, 'मी शायामा जास' आणि 'मी शायामा जाई राह्यनू'." 'शायामा' म्हणजे शाळेत. रोज जातो तो 'जास', आत्ता वाटेवर आहे तो 'जाई राह्यनू'. अहिराणीत हा फरक रोजच्या बोलण्यात लख्ख आहे. वर्गाला एका मिनिटात कळलं. त्या दिवशी मी फळ्यावर पहिल्यांदा अहिराणी लिहिली, आणि मागच्या बाकावरची दोन पोरं, जी कधी बोलत नव्हती, ती पुढची वाक्यं सांगायला लागली.

त्याच वर्गात दुसरी बाजूही दिसली. अहिराणीत 'मी जास' आणि 'तो जास' एकसारखंच. इंग्रजीत मात्र 'आय गो' आणि 'ही गोज'. म्हणून 'ही गो' ही चूक पोरं पुन्हा पुन्हा करतात. निवडलेल्या पुस्तकात 'ही' आणि 'शी'च्या वाक्यांचा सराव किती पानं आहे ते मोजा. अर्धंच पान असेल तर बाकीचा सराव तुम्हाला लिहावा लागेल. 'ए', 'ॲन', 'द'चंही तसंच. आपल्या कुठल्याच बोलीत ते नाहीत, त्यामुळे एका धड्यात उरकलेलं आपल्याला पुरत नाही.

धडगावकडच्या आश्रमशाळेत शिकवणाऱ्या एका मित्राचा अनुभव मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याच्याकडे मराठी अर्थांचं इंग्रजी पुस्तक होतं. मुलं पावरी बोलणारी. इंग्रजी शब्द अडला म्हणून मराठी अर्थ वाचायची आणि मग तोही विचारायची. एका शब्दासाठी दोन भाषांचे दोन डोंगर. त्यानं ते पुस्तक कपाटात ठेवलं, मोठ्या चित्रांच्या गोष्टी छापून घेतल्या. चित्रावर बोट ठेवायचं, मुलांनी पावरीत नाव सांगायचं, त्यानं ते ऐकून म्हणून दाखवायचं, मग इंग्रजी. सर आपले शब्द शिकतात म्हटल्यावर मुलांनाही त्याचे शब्द शिकायला हुरूप आला. सातपुड्यात शिकवणार असाल तर मराठी अर्थापेक्षा चित्र किती बोलतं यावर पुस्तक पारखा.

७. आठवड्यातून एक पान स्वतः लिहा

कुठलंही पुस्तक आपल्या गावासाठी लिहिलेलं नसतं. ती उणीव तुम्हीच भरायची आहे, आणि ते वाटतं तेवढं अवघड नाही. पुस्तकातला धडा तोच ठेवा, त्याचं व्याकरण तेच ठेवा, विषय आपला घाला.

आज्ञार्थी वाक्यं शिकवायचा धडा माझ्या पुस्तकात केक करण्याचा होता. ओव्हन, बेकिंग पावडर, कपाचं माप. मी त्याजागी भरताचं पान लिहिलं. बामणोदची वांगी घ्या, पऱ्हाटीच्या म्हणजे कपाशीच्या काड्यांवर भाजा, साल काढा, बडगीत ठेचा, हिरवी मिरची, शेंगदाणे, कांद्याची पात घाला, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, भाकरीसोबत वाढा. क्रियापदं सात: टेक, रोस्ट, पील, पाउंड, ॲड, मिक्स, सर्व्ह. बडगी आणि कळण्याला इंग्रजी शब्द शोधत बसले नाही, तसेच ठेवले. मग वर्गाला एकच प्रश्न, पुण्याच्या पाहुण्याला बडगी म्हणजे काय ते इंग्रजीत कसं सांगाल? पंधरा मिनिटं सगळे एकदम बोलत होते. 'वुडन', 'डीप', 'लाइक अ बोल', 'वी पाउंड इन इट'. घरी भरीत न केलेला तिथे एकही नव्हता, त्यामुळे सांगण्यासारखं प्रत्येकाकडे होतं.

लिहिताना एवढं सांभाळा. पान १२० ते १५० शब्दांचं, नवे शब्द सातापेक्षा जास्त नकोत, बाकी सगळे भिंतीवरच्या त्या यादीतले. लिहून झालं की इंग्रजी चांगलं असलेल्या एका माणसाकडून तपासून घ्या. आपल्या हातून 'टुडे मॉर्निंग' आणि 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स'सारख्या चुका सवयीनं जातात आणि वर्गाच्या तोंडी बसतात. केळीच्या पॅकहाउसवाल्यासाठी मी घड-फणीचं पान असंच लिहिलं, शब्द त्यानं सांगितले आणि वाक्यं मी जोडली.

८. ऐकण्याचं साहित्य वेगळं निवडा

पुस्तकासोबतच्या ध्वनिफिती घेण्याआधी स्पीकरवर वर्गातच लावून बघा. पंखा चालू ठेवून बघा, कारण एप्रिल-मे मध्ये तो बंद करता येणार नाही. बीबीसीचे सहा मिनिटांचे कार्यक्रम सगळे सुचवतात, पण ते मध्यम पातळीचे आहेत, ए-वनवाल्याला पहिल्या मिनिटात हरवून टाकतात. सुरुवातीला एक मिनिटाच्या आतलं, दोनच आवाजांचं, आणि लिखित उतारा सोबत असलेलं घ्या. ते मिळालं नाही तर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करा. 'आपले उच्चार तेवढे चांगले नाहीत' म्हणून मागे सरू नका. स्पष्ट आणि सावकाश बोललेलं भारतीय इंग्रजी पोरांना लागणारच आहे, मुंबईहून येणारा फोन त्याच उच्चारांत येतो.

९. झेरॉक्सचा मोह

एक पुस्तक घ्यायचं आणि तीस झेरॉक्स वाटायच्या, ही पद्धत सर्रास आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये विद्यापीठाच्या अभ्यासक्रमासाठी केलेल्या झेरॉक्स संचांच्या बाजूनं निकाल दिला, तो हवाला देऊन लोक अख्खी पुस्तकं काढतात. तो निकाल विद्यापीठातल्या शिक्षणाबद्दलचा होता. फी घेणाऱ्या क्लासला तो तसाच लागू होईल असं धरून चालू नका. पुस्तक चांगलं वाटलं तर विद्यार्थ्यांना विकत घ्यायला सांगा. परवडत नसेल तर स्टोरीवीव्हरसारखं खुल्या परवान्याचं साहित्य आणि स्वतः लिहिलेली पानं वापरा, त्यांच्या झेरॉक्स निर्धास्त काढा.

१०. तीन तास चालवा, मग पैसे द्या

एवढी गाळणी लावून दोन पुस्तकं उरली की त्यांची एकेक प्रत घ्या आणि प्रत्येकी तीन तास खऱ्या वर्गात चालवा. प्रत्येक तासानंतर वहीत तीनच नोंदी. विद्यार्थी किती मिनिटं बोलले आणि मी किती? कोणत्या सूचनेला वर्ग गोंधळला? तास संपल्यावर दारात कोणी त्याच विषयावर बोलत होतं का? तिसरी नोंद मला सगळ्यात खरी वाटते. भरताच्या दिवशी चपला घालतानाही पोरं 'पाउंड'चा उच्चार एकमेकांना दुरुस्त करत होती.

मग खरेदी. पहिल्या वर्षी बॅचच्या निम्म्याच प्रती घ्या, दोघांत एक. दोघांत एक असलं की पोरं वाचून एकमेकांना सांगतात, तोही सराव होतो. शिक्षकाचं पुस्तक आणि ध्वनिफिती संचात धरल्या आहेत की त्यांचे वेगळे पैसे, ते आधी विचारा. आवृत्तीचं वर्ष बघा, कारण पुढच्या वर्षी नवी आवृत्ती आली की पानांचे आकडे जुळत नाहीत आणि अर्धा वर्ग भलत्याच पानावर असतो. आणि न वापरलेल्या प्रती दुकानदार किती दिवसांत परत घेईल, ते तोंडी ऐकून येऊ नका, बिलावर लिहून घ्या.